झाकल्या मुठीचा हिशेब

'मशीन लर्निंग' हे शब्द दिसले की आपल्यातली निम्मी मंडळी "ऑफिसात हेच आणि दिवाळी अंकातही हेच?" म्हणून पान उलटणार, आणि उरलेली निम्मी "हे आपल्यासाठी नाही" म्हणून. दोघांनाही विनंती, थोडं थांबा. हा लेख यंत्रांपेक्षा वाटणीबद्दल जास्त आहे. अनेकांनी मिळून एखादी गोष्ट उभी केली तर त्यात कुणाचा वाटा किती, हा प्रश्न भाऊबंदकीइतका जुना. गेल्या काही वर्षांत मात्र त्याला एक नवाच पीळ पडला आहे. प्रत्येकाने काय आणलं ते कुणीही उघडून बघायचं नाही आणि तरीही प्रत्येकाचा वाटा मोजायचा! इथपर्यंत माणसं कशी येऊन पोचली आणि त्यांनी काय काय करून पाहिलं, त्याची ही हकीकत.

सुरुवात दुधापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शेतकरी आपापलं दूध क्रीमरीत नेऊन घालत. सगळ्यांचं दूध एकत्र होई, त्याचं लोणी आणि चीज बने, आणि पैसे वाटले जात ते दुधाच्या वजनावर. पुढे काय झालं असेल ते आपल्या लोकांना सांगायला नको. पाणी घातलेलं दूध आणि वरची साय काढून घेतलेलं दूधही त्याच भावाने जाई. ज्याच्या जर्सी गाई घट्ट दूध देत, तो बिचारा इतरांना पोसत बसे. मॅडिसनच्या विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८९० मध्ये यावर एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. बारीक मानेच्या बाटलीत मोजून दूध घ्यायचं, त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची, मग गरम पाणी घालून वर आलेली फॅट मानेवरच्या खुणांवर वाचायची. झालं! बॅबकॉकने या पद्धतीचं पेटंटही घेतलं नाही. त्याच दशकात स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बरने तिच्याच जातकुळीची पद्धत काढली आणि आपल्याकडच्या सहकारी डेअऱ्यांत पुढे गर्बरचीच रुजली. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांच्या घरी "आज फॅट किती लागली?" हा संध्याकाळचा ठरलेला प्रश्न असेल. त्यामागे हा एवढा इतिहास आहे.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दूध टाकीत ओतण्यापूर्वी प्रत्येकाच्या कॅनमधून नमुना काढता येत होता. म्हणजे मोजणाऱ्याला वस्तू समोर दिसत होती.

पण प्रत्येकाचा वाटा असा सुटा सुटा मोजता येत नाही, तेव्हा काय करायचं? आपल्या मंडळाचं पॉटलक घ्या. दोन घरांनी भात आणला, दोघांचाही सगळ्यांना पुरेल इतका. आता एकाचा भात बाजूला ठेवला तर जेवणात काही फरक पडत नाही. दुसऱ्याचा ठेवला तरी पडत नाही. म्हणजे 'तुम्ही नसता तर काय अडलं असतं' या कसोटीवर दोघांचंही योगदान शून्य! पण दोघंही आले नसते तर नुसती आमटी वाढायची वेळ आली असती.

ही गाठ सोडवली लॉइड शेपली या गणितज्ञाने. जन्म १९२३, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. वडील हार्लो शेपली हे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लॉइड अमेरिकन हवाई दलातर्फे चीनमध्ये चेंगडूला होता आणि सोव्हिएत हवामानखात्याची सांकेतिक भाषा फोडल्याबद्दल त्याला ब्रॉन्झ स्टार मिळाला. म्हणजे तरुणपणी या गृहस्थाचं काम दुसऱ्याची झाकलेली मूठ उघडण्याचंच. परत येऊन तो प्रिन्स्टनला गेला, आणि १९५३ साली त्याचा जेमतेम दहा-अकरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली युक्ती अशी: सगळी माणसं एकामागून एक दारातून आत येताहेत असं समजा. प्रत्येक जण आत आल्यावर एकूण किमतीत किती भर पडली ते लिहून ठेवा. मग येण्याचा क्रम बदला, पुन्हा लिहा. असे जितके म्हणून क्रम संभवतात तितके सगळे घ्या आणि प्रत्येकाच्या भरीची सरासरी काढा. भाताच्या उदाहरणात जो आधी आला त्याला सगळं श्रेय, नंतरच्याला काहीच नाही. पण निम्म्या क्रमांत हा आधी आणि निम्म्यांत तो. म्हणून दोघांना अर्धं-अर्धं. सारखी भर घालणाऱ्यांना सारखा वाटा, काहीच भर न घालणाऱ्याला शून्य, वाटणी पूर्ण, मागे काही शिल्लक नाही, आणि दोन व्यवहारांची वाटणी वेगवेगळी केली काय किंवा एकत्र केली काय, उत्तर तेच. एवढ्या अटी पाळणारं सूत्र एकच असू शकतं, हे शेपलीने सिद्ध केलं.

याचा व्यवहारात उपयोग कसा होतो त्याचं माझं आवडतं उदाहरण विमानतळाचं. १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी धावपट्टीच्या खर्चाची वाटणी शेपलीच्या रीतीने मांडली, आणि पुढे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विमानतळाच्या आकड्यांवर हा हिशेब करून दाखवण्यात आला. समजा छोट्या विमानाला ६ लाखांची धावपट्टी पुरते, मध्यमाला १० लाखांची लागते आणि मोठ्याला १३ लाखांची. तर पहिले ६ लाख तिघांत वाटा, पुढचे ४ लाख दोघांत, शेवटचे ३ लाख एकट्या मोठ्याच्या नावावर. म्हणजे २, ४ आणि ७. कुणालाही पटेल असा हिशेब! शेपलीला २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मात्र मुख्यतः जोड्या जुळवण्याच्या वेगळ्या कामासाठी. आपण अर्थशास्त्र कधी शिकलोच नाही, आपण गणिती, असं तो तेव्हा सांगत होता. २०१६ च्या मार्चमध्ये तो गेला.

योगायोग असा की त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत गूगलच्या ब्रेंडन मॅकमॅहन आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लोकांसमोर ठेवला, आणि शेपलीचं जुनं सूत्र अगदी नव्या जागी कामाला येणार अशी वेळ आली. त्यासाठी आधी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली ही, की एका ठिकाणची माहिती पुरत नाही. २०१८ मध्ये जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी मॉडेल्स तपासली. ज्या हॉस्पिटलच्या एक्स-रेंवर मॉडेल शिकलं तिथे ते हुशार, दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं की बहुधा ढेपाळायचं. बराचसा अभ्यास 'हा एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा' हे ओळखण्यावरच झालेला! म्हणून अनेक ठिकाणचे रुग्ण हवेत. दुसरी गोष्ट, ही माहिती एका जागी गोळा करणं धोक्याचं आहे. नाव-पत्ता काढून टाकला की झालं, असं पूर्वी वाटायचं. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी या एमआयटीतल्या विद्यार्थिनीने मतदारयादी विकत घेतली, 'निनावी' म्हणून दिलेल्या वैद्यकीय नोंदींशी ताडून पाहिली, आणि खुद्द मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचीच नोंद शोधून काढली. जन्मतारीख, झिप कोड आणि स्त्री की पुरुष, एवढंच पुरलं.

मॅकमॅहनच्या चमूचा तोडगा 'फेडरेटेड लर्निंग' या नावाने ओळखला जातो. माहिती हलवायचीच नाही, मॉडेल फिरवायचं. मधला सर्व्हर सगळ्यांना कच्चं मॉडेल पाठवतो, प्रत्येक जण घरच्या घरी आपल्या माहितीवर त्याला शिकवतो, आणि शिकून झालेले बदल, म्हणजे नुसते आकडे, परत पाठवतो. सर्व्हर त्यांची सरासरी काढतो आणि पुन्हा पाठवतो, फेरीमागून फेरी. अँड्रॉइड फोनवरच्या जीबोर्ड या कीबोर्डात ही पद्धत २०१७ पासून वापरात आली. हॉस्पिटलांनी ती उचलून धरली यात नवल नाही. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा भयंकर पण दुर्मिळ कर्करोग. कुठल्याच एका हॉस्पिटलकडे पुरेसे रुग्ण नसतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात सहा खंडांतल्या ७१ केंद्रांनी ६,३१४ रुग्णांच्या स्कॅन्सवर मिळून एक मॉडेल शिकवलं, आणि एकाही रुग्णाचा स्कॅन आपल्या हॉस्पिटलबाहेर गेला नाही. शस्त्रक्रियेसाठी गाठीची हद्द आखण्यात हे मॉडेल, आधी उपलब्ध असलेल्या माहितीवर शिकवलेल्या मॉडेलपेक्षा ३३ टक्के सरस ठरलं.

आता गंमत बघा. मॅकमॅहनच्या सरासरीत प्रत्येकाचं वजन कशावर ठरतं? त्याच्याकडे नोंदी किती, यावर. दहा हजार नोंदीवाल्याचा शब्द हजारवाल्याच्या दसपट. म्हणजे आपण फिरून १८९० च्या आधीच्या क्रीमरीत आलो, दूध वजनावर! एवढंच नाही, वजनही ज्याने त्याने आपल्या घरी करून सांगायचं. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलने घाईघाईत खुणा केलेले दहा हजार स्कॅन टाकले आणि एखाद्या छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी रात्री बसून दोनशे दुर्मिळ स्कॅन्सवर एकेक कड तपासून आखली, तर हिशेबात दुसऱ्याची गणती नगण्य. शिवाय फुकटे आलेच. शिकवायचे कष्ट न घेता आलेलंच मॉडेल थोडं इकडेतिकडे करून परत पाठवायचं आणि तयार मॉडेल घेऊन जायचं, असा प्रकार सहज शक्य असल्याचं २०१९ मध्येच दाखवून झालं होतं.

तेव्हा इथेही 'फॅट' लावायला हवी हे अनेकांना एकदमच सुचलं. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या अमिराता घोरबानी आणि जेम्स झू यांनी शेपलीचं सूत्र थेट माहितीच्या किमतीला लावलं, आणि त्याच वर्षी फेडरेटेड लर्निंगमधल्या भागीदारांसाठी ते वापरणारे निबंधही आले. अडचण गुणाकाराची. भागीदार १० असले तर १,०२४ गट होतात, आणि प्रत्येक गटाचं मॉडेल वेगळं शिकवून पाहायचं. ७१ असले तर गटांची संख्या २२ आकडी! म्हणून शितावरून भाताची परीक्षा करायची: सगळे क्रम न घेता काही थोडे चिठ्ठ्या टाकून उचलायचे आणि त्यांचीच सरासरी घ्यायची. आणखी एक वाट म्हणजे दर फेरीला आलेले सगळ्यांचे बदल जपून ठेवायचे आणि हवा तो गट त्यांच्यातूनच जुळवायचा. नव्याने शिकवणं नको. हे सगळं छान चाललं होतं.

पण त्यासाठी प्रत्येकाने पाठवलेले बदल सर्व्हरला सुटे दिसायला हवेत, आणि नेमकं तेच धोक्याचं निघालं. पुन्हा २०१९ च! एमआयटीच्या लिगेंग झू, झिजियान लिऊ आणि साँग हान यांनी नुसत्या या आकड्यांवरून मूळ चित्रं परत उभी करून दाखवली. म्हणजे स्कॅन हॉस्पिटलबाहेर गेला नाही खरा, पण त्याची सावली गेली, आणि सावलीवरून माणूस ओळखता येतो.

यावरचं कुलूप मात्र आधीच तयार होतं, त्याची परंपरा बरीच जुनी. १९७९ मध्ये आदी शमीर यांनी एक गुपित तुकडे करून अनेकांत असं वाटून ठेवायची रीत काढली, की ठरलेल्या संख्येइतके तुकडे एकत्र आल्याशिवाय काहीच कळू नये. १९८२ मध्ये अँड्र्यू याओ यांनी कोडं घातलं: दोन लक्षाधीशांना आपल्यात जास्त श्रीमंत कोण ते हवंय, पण आपली संपत्ती सांगायची नाही. ते त्यांनी सोडवलंही. ही विद्या बरीच वर्षं कागदावर राहिली आणि तिचा पहिला मोठा व्यवहार झाला तो, ऊसवाल्या मुलखातल्या आपल्याला ऐकून मौज वाटेल, साखरेत! डेन्मार्कमध्ये तेव्हा बीटपासून साखर करणारी कंपनी एकच होती, डॅनिस्को. बीट पुरवण्याचे करार शेतकऱ्यांना आपसांत विकता यावेत म्हणून जानेवारी २००८ मध्ये लिलाव झाला. पण आपल्याला कितीला परवडतं हे कंपनीला कळलं तर पुढच्या वर्षी ती तिथेच नाक दाबणार, ही शेतकऱ्यांची रास्त भीती. म्हणून सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बोली तुकडे करून तीन ठिकाणी ठेवल्या, एक कंपनीकडे, एक शेतकऱ्यांच्या संघटनेकडे, एक संशोधकांकडे, आणि एकही बोली न उघडता बाजारभाव काढला.

याच घराण्यातली रीत गूगलच्या कीथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये फेडरेटेड लर्निंगसाठी बेतली. तिचा गाभा कागद-पेन्सिलीने करून बघण्यासारखा आहे. तीन हॉस्पिटलांचे आकडे आहेत ७, ४ आणि ९. पहिलं आणि दुसरं आपसांत गुपचूप ५० ठरवतात, पहिलं मिळवतं, दुसरं वजा करतं. पहिलं आणि तिसरं तसंच ३० ठरवतात, दुसरं आणि तिसरं २०. मग पहिलं पाठवतं ८७, दुसरं उणे २६, तिसरं उणे ४१. एकेकटा आकडा निव्वळ निरर्थक. बेरीज मात्र बरोबर २०, कारण मधलं सगळं एकमेकांत कटलं! सर्व्हरला फक्त बेरीज मिळते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी.

आणि इथेच दोन चांगल्या गोष्टींची टक्कर झाली. वाटा मोजायचा तर शेपली विचारतो, 'हा नसता तर?' म्हणजे दोन बेरजा हव्यात, त्याच्यासकट एक आणि त्याच्याशिवाय एक. आपल्या उदाहरणात तिघांची बेरीज २० आणि पहिल्या दोघांची ११ एवढं कळलं, की तिसऱ्याचे ९ उघडे पडले. मोजणी करणाराच मूठ उघडतो. चोर नाही, हॅकर नाही, अगदी प्रामाणिक हिशेबनीस! आणि उलट बाजूने, मूठ घट्ट झाकली की तिच्या आड लबाडही सुरक्षित. २०१८ मध्ये कॉर्नेल टेकच्या संशोधकांनी दाखवलं की एखादा भागीदार मुद्दाम खोट घातलेले बदल पाठवून सगळ्यांचं मॉडेल आपल्याला हवं तसं वाकवू शकतो, आणि नुसती बेरीज पाहणाऱ्या सर्व्हरला ते कुणी केलं याचा पत्ता लागत नाही.

तडजोडी निघाल्या. २०२१ मध्ये यांग त्साओ आणि सहकाऱ्यांनी भागीदारांचे लहान-लहान गट पाडायची रीत मांडली. गटाची बेरीज दिसेल, गटातला माणूस दिसणार नाही. शेपलीचा हिशेब गटांवर करायचा, गटाला मिळालेला वाटा आतल्यांत समान, आणि फेरीगणिक गट बदलायचे म्हणजे हळूहळू खरा-खोटा वेगळा होतो. गट मोठा केला तर झाकण घट्ट पण मोजमाप ढोबळ. लहान केला तर मोजमाप नेमकं पण झाकण सैल. याला पर्याय म्हणून त्साओंचाच सहभाग असलेल्या २०२३ च्या एका निबंधात संपूर्ण हिशेब कुलूपबंद आकड्यांवरच केला आहे. भागीदारांची मॉडेल्स आणि चाचणीची माहिती, दोन्हीही कुणाला दिसत नाहीत. बाहेर पडतात फक्त शेवटचे वाटे. याला खर्च फार येतो, म्हणून काही काम दोन स्वतंत्र सर्व्हरांत विभागून वेग वाढवावा लागतो. मला हा रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो. पण ७१ केंद्रांचा हिशेब असा करायचा तर शितं फारच थोडी उचलावी लागतील.

अंतिम आकड्यांतूनही काही फुटू नये म्हणून त्यांत थोडा गोंधळ मिसळायची युक्ती आहे. तिचं गणित सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पक्कं केलं. पण ज्याचा वाटा मुळातच लहान, त्याचा आकडा या गोंधळात पार बुडून जातो. मोठ्याला फरक पडत नाही. दोनशे स्कॅनवालं हॉस्पिटल इथेही मागेच.

भाताच्या दोन पातेल्यांकडे पुन्हा एकदा बघायला हवं. भात आणणाऱ्या दोघांपैकी एकाने आपलाच भात दोन पातेल्यांत करून दोन नावांनी मांडला तर? शेपली तीन पातेली मोजणार, प्रत्येकाला एक तृतीयांश, आणि लबाडाच्या हाती दोन तृतीयांश! झाकणं उघडायची नाहीत म्हटल्यावर दोन्हीत एकच भात आहे हे ओळखणार कोण? २०१९ मध्ये एमआयटीच्या अनिश अगरवाल, मुंथर दाहलेह आणि तुहिन सरकार यांनी माहितीच्या बाजारपेठेवर लिहिताना यावर उतारा दिला: दुसऱ्याच्या मालाशी जितकं साम्य जास्त तितका भाव कमी. मग नक्कल करण्यात फायदा उरत नाही. पण योगायोगाने सारखीच माहिती असलेले दोन सरळ भागीदारही त्यात भरडले जातात, आणि साम्य तपासायला पुन्हा झाकण किलकिलं करावं लागतंच.

आणि सगळ्यात कळीचा प्रश्न माझ्या मते 'फॅट' कुठल्या बाटलीत लावायची हा आहे. 'मॉडेल सुधारलं' म्हणजे कुणाच्या रुग्णांवर सुधारलं? त्यासाठी चाचणीचे स्कॅन लागतात आणि ते बहुधा प्रकल्प चालवणाऱ्याच्या पसंतीचे असतात. चाचणीत सगळे मोठ्या शहरातल्या नव्या यंत्रांवरचे स्कॅन असतील, तर जुन्या यंत्रावर वेगळ्याच रुग्णांचे स्कॅन काढणाऱ्या लहान गावातल्या हॉस्पिटलचं योगदान शून्य येईल, कदाचित उणेही. सूत्र शेपलीचंच, एकही आकडा चुकलेला नाही, आणि तरी ज्या हॉस्पिटलसाठी हा सारा खटाटोप करायचा त्यालाच हिशेब सांगणार की तुमच्यामुळे नुकसान झालं. डेअरीत नमुना शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत काढतात आणि शंका आली तर तो पुन्हा काढायला लावू शकतो. इथे चाचणीचे स्कॅनही गुप्त. २०२३ च्या त्या पद्धतीत चाचणीची माहिती भागीदारांनीच आपापल्यातली, कुलूप लावून, पुढे करायची असते. म्हणजे निदान बाटली एकट्या सर्व्हरच्या हातात राहत नाही. ती कुणी किती द्यायची हे मात्र भागीदारांनी बसून ठरवायचं, सूत्र ते ठरवत नाही. आणि नोंदींच्या संख्येवर वजन देणारी मॅकमॅहनची सरासरी आजही या क्षेत्रातल्या सगळ्यात रूढ पद्धतींपैकी एक आहे.